परदेशी निवडणूक निरीक्षकांचा अंदाज चुकला, तर त्यांना जाब कोण विचारतो?

आचरेकरीण (प्रश्न)

मी मालवण तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. बारावीच्या वर्गात बोलता बोलता केनियाच्या २०१७ च्या निवडणुकीचा विषय निघाला. ८ ऑगस्टला मतदान झालं. कार्टर सेंटर या अमेरिकी संस्थेच्या पथकाबरोबर अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जॉन केरी होते, आफ्रिकन युनियनच्या पथकाचे प्रमुख दक्षिण आफ्रिकेचे माजी अध्यक्ष थाबो म्बेकी, युरोपियन युनियनकडून मारिएत्ये स्खाके. दोन दिवसांत या मंडळींनी मतदान एकंदरीत चांगलं झाल्याचं सांगितलं. तक्रार असेल त्यांनी रस्त्यावर उतरू नये, कोर्टात जावं, असंही सांगितलं. ११ ऑगस्टला सत्तेवर असलेले अध्यक्ष उहुरू केन्याटा विजयी झाल्याचं जाहीर झालं. हरलेले विरोधी उमेदवार रायला ओडिंगा खरोखरच कोर्टात गेले, आणि १ सप्टेंबरला सरन्यायाधीश डेव्हिड मारागा यांच्या खंडपीठाने चार विरुद्ध दोन मतांनी ती निवडणूकच रद्द केली. आफ्रिकेत अध्यक्षपदाची निवडणूक कोर्टाने रद्द करण्याची ती पहिलीच वेळ.

एवढं ऐकल्यावर एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग त्या निरीक्षकांचं काय झालं?" तिचे वडील मच्छीमार सोसायटीत सभासद आहेत. ती म्हणाली, "आमच्या सोसायटीत हिशेब बरोबर आहे असं ऑडिटरने लिहून दिलं आणि नंतर घोळ निघाला, तर ऑडिटरला नोटीस जाते. यांना कोणी नोटीस दिली?"

तास संपला होता, पण प्रश्न डोक्यातून जात नाही. हे निरीक्षक कोणाला बांधील असतात? पैसे देणाऱ्या देशाला, बोलावणाऱ्या सरकारला की मतदाराला? इथे निवडणुकीचं काम प्रत्यक्ष केलेले बरेच जण आहेत म्हणून विचारते.

रेवंडीकर

मॅडम, सोप्पा उत्तर : कायएक होणा नाय. पैसे युरोप-अमेरिकेचे, मानसा थयचीच. ज्याची खावी पोळी त्याची वाजवची टाळी. गरिबांच्या देशात जावन शिकवतत, आपल्या घराकडे कोणाक येवक देतत?

राजापूरचे गुरुजी

ताई, तुमच्या त्या विद्यार्थिनीला माझा आशीर्वाद सांगा. इतका नेमका प्रश्न विचारला आहे, त्याला "काही होत नाही" एवढं सांगून मोकळं होणं मला पटत नाही. मी हायस्कूलमध्ये शिक्षक होतो. नोकरीभर निवडणुकीची ड्युटी केली, आधी मतपत्रिकांच्या काळात मतदान अधिकारी म्हणून, मशिनं आल्यावर केंद्राध्यक्ष म्हणून. निवृत्तीनंतर या विषयावर हाती लागेल ते वाचत आलो आहे.

आधी रेवंडीकरांना. अमेरिकेच्या घराकडेही निरीक्षक जातात. युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेचं वॉर्सातलं कार्यालय २००२ पासून अमेरिकेच्या निवडणुका पाहतं. २०१२ मध्ये टेक्सासच्या ॲटर्नी जनरलनी त्यांना लेखी बजावलं होतं, की मतदान केंद्राच्या दारापासून शंभर फुटांच्या आत आलात तर फौजदारी होईल. म्हणजे नको असलेला पाहुणा तिथेही असतोच. पण पैशाचा मुद्दा खरा आहे, त्याकडे नंतर येतो.

कागद काय म्हणतो ते बघू. २७ ऑक्टोबर २००५ ला न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली, आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षणाच्या तत्त्वांचा जाहीरनामा झाला. कार्टर सेंटर, युरोपियन कमिशन, आफ्रिकन युनियन, राष्ट्रकुल सचिवालय, अमेरिकी राष्ट्रांची संघटना अशा वीसहून जास्त संस्थांनी तो मान्य केला. त्याला आचारसंहिता जोडलेली आहे आणि प्रत्येक निरीक्षकाने तिच्या प्रतिज्ञेवर सही करायची असते. पैसा कुठून आला ते उघड ठेवायचं, हितसंबंध गुंतलेला माणूस पाठवायचा नाही, यजमान देशाच्या कामात हात घालायचा नाही, निष्कर्ष कशावरून काढला ते सांगायचं. निरीक्षकाने संहिता मोडली तर पथकप्रमुख त्याची चौकशी करून त्याला घरी पाठवू शकतो. पण अख्ख्या पथकाचाच अंदाज चुकला तर? त्यासाठी त्या जाहीरनाम्यात वरचं दार नाही. शिवाय गळ्यात जे ओळखपत्र अडकवायचं ते देतो यजमान देशाचा निवडणूक आयोग. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं, त्यानेच आत सोडायचं. पटलं नाही तर तोच बाहेरही काढतो. झिम्बाब्वेने २००२ मध्ये युरोपियन पथकाचे प्रमुख पिएर शोरी यांना देशाबाहेर घालवलं, मग युरोपने सगळं पथकच परत बोलावलं.

आपल्याकडे निवडणूक आयोग स्वतःचे निरीक्षक पाठवतो. ते सरकारी अधिकारी असतात, त्यांचे फोन नंबर स्थानिक पेपरात छापून येतात. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या २० ख कलमात त्यांना अधिकार दिलेले आहेत. केंद्र बळकावल्याचं दिसलं तर मतमोजणी थांबवा, निकाल जाहीर करू नका, असं ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला सांगू शकतात. कामात कसूर झाली तर आयोग त्यांना विचारू शकतो, नोकरीचे नियम आहेत. परदेशी निरीक्षक काहीच थांबवू शकत नाही. त्याच्याकडे फक्त शब्द असतो. म्हणून माझ्या मते त्याची जबाबदारी एकाच ठिकाणी पकडायची : तो शब्द त्याने केव्हा उच्चारला, आणि तोवर त्याने काय पाहिलं होतं.

केंद्रावर बसलेला कुठलाही माणूस तुम्हाला सांगेल, की मतदानाचा दिवस दिसायला सोपा असतो. मोठ्या साहेबांच्या गाड्या येतात त्या सकाळी दहा-अकराला. रांग असते, बायका नटून आलेल्या असतात, शाईचं बोट दाखवून फोटो निघतात. खरं जोखमीचं काम वेळ संपल्यावर सुरू होतं. मतदान बंद व्हायच्या घटकेला रांग असली, तर शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढे यायचं, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. शेवटचं मत पडलं की कंट्रोल युनिटचं क्लोज बटण दाबायचं, एकूण आकडा मोठ्याने वाचायचा, रजिस्टरशी ताडायचा आणि १७ सी चा नमुना, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाचा कागद, भरायचा. मग सही-शिक्क्यानिशी प्रत प्रत्येक पोलिंग एजंटच्या हातात. आमच्या खाडीपलीकडच्या एका केंद्रावर एजंटांना शेवटची तर (होडी) गाठायची घाई असायची. "गुरुजी, तुमच्यावर विश्वास आहे, राहू दे तो कागद," म्हणायचे. मी सोडायचो नाही. मेणबत्तीवर लाख वितळवत एकीकडे सील चाललेलं, घामाने हात ओले, बाहेर बस हॉर्न मारतेय, आणि मी एकेकाला बसवून आकडा वाचायला लावायचो, अंकी आणि अक्षरी. कारण मोजणीच्या दिवशी त्या मशीनवरचा आकडा आणि एजंटच्या खिशातला आकडा जुळतो की नाही, एवढाच त्याच्या हातातला पुरावा असतो. विश्वासावर राहिलेल्याच्या हातात काही नसतं.

आता केनियाकडे या. तिथे मतं केंद्रावरच मोजतात. केंद्राचा निकाल ३४ अ नावाच्या फॉर्मवर, मतदारसंघाचा ३४ ब वर. चाळीस हजारांहून जास्त केंद्रं आणि २९० मतदारसंघ. निवडणुकीआधीच जूनमध्ये तिथल्या अपील कोर्टाने ठरवून दिलं होतं, की मतदारसंघात जाहीर झालेला आकडा अंतिम, राजधानीत बसून तो बदलायचा नाही. कोर्टाने निवडणूक रद्द केली ती रांगेतल्या कुठल्या प्रकारामुळे नव्हे. निकाल वर पाठवण्याचं काम घटनेप्रमाणे झालं नाही, सगळे ३४ अ हातात नसताना अध्यक्ष जाहीर केला, काही ३४ ब वर सही किंवा सुरक्षाखुणा नव्हत्या, आणि कोर्टाने सर्व्हर दाखवा म्हटल्यावर आयोगाने तो नीट दाखवला नाही. या सगळ्यामुळे. निरीक्षकांनी मतदान पाहिलं आणि ते बरंच नीट झालंही होतं. बिघडलं ते संध्याकाळनंतर.

पथकांची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांच्या निवेदनात "मोजणी अजून चालू आहे, हे अंतिम मत नाही" अशी वाक्यं होती. पण पत्रकार परिषद दहा तारखेला घेतली की जगाच्या कानावर "चांगली झाली" एवढंच जातं. केरींसारख्या माणसाला हे कळत नसेल असं मी मानत नाही. २००७ च्या निवडणुकीनंतर त्याच देशात हजारावर माणसं मारली गेली आणि लाखोंना घरं सोडावी लागली. ते डोळ्यांपुढे असल्याने सगळ्यांना लवकर शांतता हवी होती. ती भीती मी समजू शकतो. पण आग लागू नये म्हणून दिलेला दाखला हा दाखला नव्हे, आणि ज्याला तो भोगायचा असतो त्या मतदाराला हे कोणी सांगत नाही.

दाभोळचा दर्यावर्दी

गुरुजी, मी मालवाहू जहाजावर असतो. त्या ऑगस्टमध्ये आमचं जहाज मोंबासाला धक्क्याला लागलं होतं. मतदानाच्या आधी बंदर ओस पडलं, लोक आपापल्या गावी निघून गेले. आम्हाला किनाऱ्यावर उतरायची मनाई होती.

माल मोजायला यायचा तो तिथला टॅली क्लार्क, चाळिशीतला माणूस. मतदान झाल्यावर कामावर आला तेव्हा त्याने मला मोबाईलवर फोटो दाखवला. शाळेच्या दाराला चिकटवलेला फॉर्म, खाली सह्या. म्हणाला, हा माझ्या केंद्राचा आकडा, आता आयोगाच्या वेबसाईटवर हाच येतो का ते बघतोय. रोज बघायचा. एका दुपारी रेडिओवर परदेशी पथकाची बातमी लागली, तेव्हा तो काही चिडला-बिडला नाही. एवढंच म्हणाला की यांनी माझ्याकडे हा फोटो मागितला असता तर मी दिला असता. माझं तिथल्या राजकारणाशी देणंघेणं नाही, पण हा माणूस मला आजही आठवतो.

आचरेकरीण

दादा, हे मी वर्गात नक्की सांगणार.

गुरुजी, तुमचा मुद्दा असा धरते की घाई नको. पण मग बोलिव्हियाचं काय? तिथे २०१९ मध्ये अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने उलट केलं. २० ऑक्टोबरला मतदान झालं, प्राथमिक निकालांची मोजणी मध्येच थांबली, पुन्हा सुरू झाली तेव्हा सत्तेवर असलेले अध्यक्ष इव्हो मोरालेस यांची आघाडी वाढलेली. दुसऱ्याच दिवशी पथकाने कल अचानक बदलला, त्याचं स्पष्टीकरण देणं कठीण आहे, असं निवेदन काढलं. देश पेटला. १० नोव्हेंबरला लष्करप्रमुखांनी पायउतार व्हा असं सुचवल्यावर मोरालेस यांनी राजीनामा दिला. नंतर काही संशोधकांनी आकडे पुन्हा तपासून सांगितलं, की उशिरा मोजल्या गेलेल्या भागात त्यांचा जोर असेल तर असा कल अपेक्षितच होता. म्हणजे गप्प राहिले तरी पंचाईत, बोलले तरी पंचाईत. माझी मुलं म्हणतील, मग यांनी जाऊच नये.

राजापूरचे गुरुजी

ताई, बोलिव्हियाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. शंका आली हे सांगणं त्यांचं कामच होतं आणि प्राथमिक मोजणी मध्येच थांबवणं हा आयोगाचा मोठा दोष होता, त्यात दुमत नाही. संघटनेने पुढे ऑडिट केलं, त्यात बनावट सह्या आणि सर्व्हरच्या भानगडी दाखवल्या, त्या कोणी खोट्या ठरवलेल्या नाहीत असं म्हणणारेही आहेत. पण ज्या आकडेमोडीवर "कल बदलला" म्हटलं, ती त्याच दिवशी लोकांपुढे ठेवायला हवी होती. बाहेरच्या जाणकारांना चूक काढायला महिने लागले, तोवर सरकार गेलं होतं. केंद्रावर मी एजंटला प्रत देतो ती त्याने माझी चूक काढावी म्हणूनच ना? तोच नियम पथकांना लावा.

जाऊच नये हे मात्र मला अजिबात मान्य नाही. आणि कोणालाच कधी जाब विचारला गेला नाही हेही खरं नाही. दोन प्रकरणं मुलांना जरूर सांगा.

पहिलं अझरबैजान. २०१३ च्या अध्यक्षीय निवडणुकीत वॉर्साच्या कार्यालयाच्या निरीक्षकांनी गंभीर त्रुटी नोंदवल्या. त्याच दिवशी त्याच देशात युरोपच्या परिषदेच्या संसदीय सभेचं आणि युरोपियन संसदेचं शिष्टमंडळ निवडणूक मुक्त, न्याय्य आणि पारदर्शक झाल्याचं सांगत होतं. पुढे त्या संसदीय सभेत अझरबैजानकडून पैसा आणि भेटी पोचत असल्याचे आरोप इतके वाढले, की २०१७ मध्ये बाहेरच्या तिघा जणांची चौकशी समिती नेमावी लागली. २०१८ च्या एप्रिलमध्ये तिचा अहवाल आला. भ्रष्ट व्यवहाराचा दाट संशय तिने नोंदवला, आणि त्यानंतर अनेक माजी सदस्यांना सभेच्या आवारात पाऊल ठेवायला बंदी झाली. तुमच्या विद्यार्थिनीची नोटीस ती हीच. उशिरा गेली, पण गेली. रेवंडीकर, तुमची पोळी आणि टाळी इथे अक्षरशः लागू पडते, फक्त पोळी अमेरिकेची नव्हती, निवडणूक घेणाऱ्याचीच होती.

दुसरं प्रकरण मला जास्त लागलेलं आहे. झिम्बाब्वे, २००२, तीच वर उल्लेखलेली निवडणूक. दक्षिण आफ्रिकेच्या अधिकृत निरीक्षक पथकाने तिथले अध्यक्ष रॉबर्ट मुगाबेंचा विजय वैध मानला. पण अध्यक्ष म्बेकींनी दोन न्यायाधीशही पाठवले होते, सिसी खाम्पेपे आणि डिकगांग मोसेनेके. त्यांनी कायदा आणि घटना तपासून अहवाल दिला, की ही निवडणूक मुक्त आणि न्याय्य म्हणता येणार नाही. तो अहवाल सरकारने दाबून ठेवला. मेल अँड गार्डियन या वृत्तपत्राने तो मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टकज्जे केले, एकामागून एक सरकारं भांडत राहिली, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये अहवाल बाहेर आला. बारा वर्षं. तोवर मुगाबे आणखी दोन निवडणुका जिंकून बसले होते. निरीक्षकांनी खरं पाहिलं होतं, खरं लिहिलंही होतं. ज्या मतदारांसाठी लिहायचं, त्यांना ते मिळालं नाही. आणि हेच म्बेकी २०१७ मध्ये नैरोबीत पथकप्रमुख म्हणून बसले होते. आफ्रिकन युनियनने नेमताना हा इतिहास विचारात घ्यायला हवा होता, असं मला स्पष्ट वाटतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. निरीक्षक गेला, तर त्याने काय पाहिलं ते मतदाराला त्याच्या भाषेत आणि वेळेत मिळालं पाहिजे. किती केंद्रं पाहिली, त्यातली मोजणीची किती, वर आकडा पोचेपर्यंत कोण थांबलं, हे पहिल्या निवेदनातच छापलेलं असावं. ज्या देशाच्या पैशावर पथक गेलं, त्या देशाच्या संसदेत त्याच्या चुकांवर प्रश्न विचारला जावा. युरोपियन संसदेने ठरवलं तर हे उद्या करता येईल.

रेवंडीकर

गुरुजी, अझरबैजानचा माका ठावक नव्हता. बरा झाला सांगलास. पण माझा म्हणना तसाच रवला. आफ्रिकेतल्या मलावीत २०१९ च्या निकालफॉर्मांर व्हाईटनर लावलेलो, तो कोणी पकडलो? थयच्याच लोकांनी. परदेशी पथका मतदान बरा झाला म्हणान गेली, लोक म्हयनेच्या म्हयने रस्त्यार उतरले, जज बुलेटप्रूफ जॅकेट घालून कोर्टात इले नि फेब्रुवारी २०२० मध्ये निवडणूक रद्द केल्यानी. परत मतदान झाला जूनात, कोरोनात. तेव्हा परदेशी निरीक्षक जवळजवळ नायच होते. तरी विरोधी पक्षाचो चक्वेरा जिंकलो नि खुर्चेर बसलो. मग पैसे थयच्या पोरांक द्या ना, विमानाच्या तिकिटांक कित्याक?

राजापूरचे गुरुजी

मलावीचा दाखला बिनतोड आहे, आणि पैसे स्थानिक निरीक्षकांना जास्त मिळावेत हेही मान्य. त्यांच्यासाठीही २०१२ च्या एप्रिलमध्ये वेगळा जाहीरनामा झालेला आहे. तरी एक बघा. झिम्बाब्वेत २०२३ मध्ये मतदानाच्या रात्री स्थानिक संस्थांचे कार्यकर्ते निकालांची समांतर बेरीज करत होते, त्यांना पोलिसांनी उचलून नेलं. त्या वेळी त्यांच्यासाठी बोलायला बाहेरचा माणूस देशात हजर असणं याला किंमत आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांच्या विकास समुदायाच्या पथकाने त्या वर्षी निवडणूक नियमांत बसत नसल्याचं तोंडावर सांगितलं आणि त्याबद्दल त्यांचे प्रमुख नेव्हर्स मुम्बा यांनी सत्ताधाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. शेजाऱ्याने शेजाऱ्याला असं सांगणं त्या भागात फार वर्षांनी घडलं.

आचरेकरीण

दोघांचेही आभार. आता वर्गाचे दोन गट करते. एक गट केनियातल्या पथकांची बाजू मांडेल, दुसरा त्या टॅली क्लार्कची. वाचायला काय देऊ?

राजापूरचे गुरुजी

पथकांची १० ऑगस्टच्या आसपासची पहिली निवेदनं आणि युरोपियन युनियनचा जानेवारी २०१८ चा अंतिम अहवाल शेजारी शेजारी ठेवा. पहिल्यात जे नाही आणि दुसऱ्यात आहे ते मुलांना अधोरेखित करू द्या. मग कोर्टाचं सविस्तर निकालपत्र, ते २० सप्टेंबर २०१७ ला आलं. त्यातली न्या. ओजवांग आणि न्या. न्जोकी न्दुंगू यांची विरोधी मतं सोडू नका. न्दुंगू बाईंनी वादातले फॉर्म स्वतः तपासून आपलं मत मांडलं आहे. तुमच्या त्या मुलीला तेच आधी वाचायला द्या. आणि जमलं तर तहसील कार्यालयातून १७ सी चा कोरा नमुना मिळवा, मुलांकडून एकदा भरून घ्या.